पांढरी दाट, काळी मोकळी

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आटपाडीत एक दिवस असा येतो, की दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर असतो आणि माणसाची सावली पायाखाली जाऊन दडते. शाळेत भूगोलाच्या बाई मैदानात काठी रोवून आम्हाला हे दाखवायच्या. पुढे नगररचनेच्या कामात पडल्यावर मी तो दिवस वेगळ्याच कारणासाठी धरायला लागले. टेप आणि खडू घेऊन मी माहेरच्या बोळात उभी राहते आणि गेलेली सावली परत कशी येते ते पाहते.

बोळ दक्षिणोत्तर आहे, सात फूट रुंदीचा. पश्चिमेला एका दुमजली वाड्याची सतरा फुटांची भिंत, खाली दगड आणि वर पांढरी माती. साडेबाराला बोळात उभं राहवत नाही. एक वाजता भिंतीच्या बुडाशी अडीच फुटांची पट्टी उमटते. दोनला सावली समोरच्या उंबऱ्याला टेकते, आणि बोळ माणसांचा होतो. कुणी सूप घेऊन दारात निवडत बसतं, शेळी भिंतीला अंग घासते, शाळकरी पोरं दप्तरं टाकून गोट्या मांडतात. ऊन कमी झालेलं नसतं, मेचंच असतं. पण रस्ता वापरता येतो.

तिथून दीड किलोमीटरवर, गावाबाहेरच्या रस्त्याला लागून, नवे प्लॉट पडले आहेत. नऊ मीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना कंपाउंड, मधे सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून सक्तीने सोडायची मोकळी जागा, ठेवून बंगले. नियमावलीप्रमाणे सगळं रीतसर आहे. तीच सतरा फुटांची भिंत तिथेही दोन वाजता सात फूटच सावली टाकते, पण ती पडते ज्याच्या त्याच्या कंपाउंडात. रस्त्यावर एक इंचही येत नाही. सामासिक अंतराचा हेतू चांगला होता. घरात उजेड-वारा यावा, आगीचा बंब फिरावा, रोगराई पसरू नये. पण तो नियम आमच्या माणदेशात आणताना कुणी असं विचारलं नाही, की घर मागे सरकवलं तर रस्त्याची सावली कुठे जाते.

यावर माझा वाद चालतो तो माझ्या भाचीशी. ती अमेरिकेत अ‍ॅरिझोनात असते, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरमध्ये. फिनिक्स म्हणजे वाळवंटात पसरलेलं शहर कसं असतं याचा नमुना. एकट्या फिनिक्सची हद्द सुमारे १,३४० चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेत वस्ती सोळा लाखांवर. त्याला चिकटून चँडलर, मेसा, गिल्बर्ट अशी गावं, सगळी आडवी पसरलेली. मी तिच्याकडे महिनाभर राहिले तेव्हा दुधाची पिशवी आणायलाही गाडी काढावी लागायची. एकदा मी हट्टाने पायी निघाले. वाटेत एकही माणूस भेटला नाही. शेवटी एका बाईंनी गाडी थांबवून विचारलं, "काही अडचण आहे का?"

मी परत आल्यावर भाची म्हणाली, "मावशी, तू फक्त रस्ता बघतेस. संध्याकाळी मागच्या अंगणात बस, मग बोल." बसले. समोर खडकाळ डोंगर, त्यावर तांबूस उजेड, आकाश इतकं मोठं की मान फिरवावी लागावी. थोडा शिडकावा झाला आणि तिथल्या झुडपांचा उग्र, तुरट वास सुटला. ती हळूच म्हणाली, "आपल्या माळाची आठवण येते ना? म्हणूनच मला हे शहर सोडवत नाही." मला उत्तर सुचलं नाही. आटपाडीच्या पोरीला न्यूयॉर्कसारखं दाट शहर नको वाटलं आणि फिनिक्स आपलं वाटलं, ही काही चुकीची आवड नाही. माळावर वाढलेल्या माणसाला चार भिंती जवळ आल्या की गुदमरतं. आमच्या व्यवसायातली बरीच माणसं मोकळ्या घराच्या ओढीला हाव समजतात किंवा दिखावा. मला ते पटत नाही.

ही ओढ आमच्या तालुक्यात किती खोल आहे ते गलाईवाल्यांच्या घरांत दिसतं. खानापूर-आटपाडी भागातली हजारो माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत, केरळपासून पंजाबपर्यंत. सराफ बाजाराच्या एखाद्या गल्लीत दहा बाय बाराची खोली. तिथेच भट्टी, तिथेच मूस, तिथेच आम्लाची वाफ, आणि वर माळ्यावर झोपायचं. माझा चुलतभाऊ अशा खोलीत सत्तावीस वर्षं राहिला. त्याने प्लॉट घेतला तेव्हा मी म्हटलं, "दादा, जुना वाडा दुरुस्त कर की, निम्म्या पैशात होईल." तो म्हणाला, "बाय, आयुष्यभर मी बोळातच भट्टी फुंकली. आता मला माझ्या दारात मोटार वळवायची आहे." त्याचा बंगला खरोखर सुंदर आहे. वर्षातले अकरा महिने त्यात माझी चुलती एकटी असते.

आणि जुन्या गावठाणाची आरती ओवाळताना दुसरी एक गोष्ट विसरून चालत नाही. पायी फिरता येणारं ते गाव सगळ्यांच्या पायांसाठी नव्हतं. लेखक शंकरराव खरात याच आटपाडीचे, १९२१ सालचा जन्म. त्यांचं 'तराळ-अंतराळ' हे आत्मचरित्र वाचलेल्याला गावकुसाबाहेरचं जिणं वेगळं सांगायला नको. तराळाला गावासाठी चालावं लागे, सांगावे घेऊन, ऊन-पाऊस न बघता. गावात मात्र कुठल्या वाटेने जायचं आणि कुठे थबकायचं, हे दुसरे ठरवत. अशा घरातली माणसं उद्या रस्त्याकडेला स्वतःच्या नावाच्या प्लॉटवर चारी बाजूंनी मोकळं घर बांधतात, तेव्हा ते अंतर त्यांना हवंहवंसं का वाटतं हे मला कळतं. गावकूस पडलं आणि माणूस कुठेही राहायला मोकळा झाला, ही या फैलावाची चांगली बाजू आहे. जुना बोळ जसाच्या तसा परत आणा, असं मी कधीच म्हणणार नाही.

मग मी कशासाठी भांडते? पाण्यासाठी.

फिनिक्सला वर्षाला सुमारे १८० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यावर एवढं शहर उभं राहूच शकत नाही. ते उभं आहे ते जवळच्या नद्यांवरच्या धरणांवर, जमिनीतल्या उपशावर आणि कोलोरॅडो नदीवर. त्या नदीचं पाणी ५४१ किलोमीटर लांबीच्या कालव्यातून येतं, आणि कालव्याच्या टोकापर्यंत ते पंपांनी एकूण सुमारे ८८० मीटर उंच चढवावं लागतं. त्या राज्यात विजेचा सर्वांत मोठा एकटा ग्राहक म्हणजे ही पाणी-योजनाच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोवर पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली, आणि कपातीचा पहिला मोठा घाव बसला तो शेतकऱ्यांवर. २०२३ मध्ये फिनिक्सच्या परिसरात निव्वळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना मंजुरी देणं राज्याने थांबवलं. त्याच उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. सलग १६ रात्री तो ३२ अंशांच्या खाली उतरला नाही, कारण दिवसभर तापलेलं डांबर आणि काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत राहतं. फिनिक्स ज्या जिल्ह्यात येतं तिथे त्या वर्षी उष्म्याने ६४५ माणसं दगावली.

हे वाचताना आटपाडीच्या माणसाला टेंभू आठवल्याशिवाय राहत नाही. सह्याद्रीने पाऊस अडवलेला आमचा हा मुलूख. माणगंगेला पाणी आलं की लोक बघायला जायचे. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवत दुष्काळी तालुक्यांत आणायचं, या योजनेसाठी माणसांनी उभं आयुष्य घालवलं. पाणी आलं, आणि माळावर डाळिंबाच्या बागा टिकल्या. या उपसा योजनांच्या वीजबिलातला ८१ टक्के वाटा सरकारने उचलायचा आणि १९ टक्के शेतकऱ्याने, असं ठरलं. म्हणजे आमच्या तलावात पडणाऱ्या प्रत्येक हंड्यामागे कुठेतरी मोटार फिरते आणि कुणीतरी बिल भरतं. असं पाणी जपून नेलं पाहिजे, आणि नेण्याचा खर्च गावाच्या आकारावर ठरतो.

हिशेब साधा आहे. गावठाणात घराची रस्त्याकडची बाजू वीस फूट. समोरासमोर घरं असल्याने एका घरामागे पाइप लागतो दहा फूट. बंगल्यांच्या प्लॉटची बाजू पन्नास फूट, म्हणजे घरामागे पंचवीस. त्यातले निम्मे प्लॉट गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेले, रिकामे, म्हणजे पन्नास. पाचपट पाइप, पाचपट गटार, पाचपट दिव्याचे खांब, आणि गळतीच्या पाचपट जागा. पाइप जितका लांब, तितका शेवटच्या नळाला दाब कमी. शेवटच्या घरातली बाई पहाटे चारला उठते ती याच भूमितीमुळे. 'दरडोई रोज ५५ लिटर' हा ग्रामीण पाणीपुरवठ्याचा निकष कागदावर एका ओळीत बसतो, पण पांगलेल्या वस्तीत तो शेवटच्या नळापर्यंत न्यायला गावाची घरपट्टी पुरत नाही.

आपल्या जुन्या लोकांकडे यासाठी दोन शब्द होते. राहायची जागा ती पांढरी, पिकायची ती काळी. गाव वसवायचं म्हणजे आधी पांढरी ठरवायची. ती ओढ्यापासून जरा उंचावर आणि शक्यतो पीक न देणाऱ्या जमिनीवर असायची. घरं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून, धाब्याला धाबं भिडवून. त्यात चोराचिलटांची भीती होती, तशी जमिनीची काटकसरही होती. इंचभर काळी उगाच दगडाखाली घालायची नाही. जैसलमेरला विद्यार्थिदशेत मी गल्ल्या मोजल्या तेव्हा तिथेही हीच अक्कल दिसली. घरं वरच्या मजल्यावर झरोके पुढे काढून गल्लीवर सावली धरतात, आणि जुन्या वस्तीने तटाबाहेरचं वाळवंट वाळवंटच ठेवलं होतं. भाचीला मी लिहिलं होतं, की तुला माळ आवडतो ना, मग घरं त्याच्यावर पसरू देऊ नका. चँडलरमध्ये तिच्या अंगणातून जो डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्यापर्यंत आता छपरंच छपरं आहेत. मोकळ्याच्या ओढीने आलेला प्रत्येक जण ते मोकळं थोडं थोडं उचलून नेतो. काळी मोकळी राहायला हवी असेल, तर पांढरी दाट असावी लागते.

दाट म्हणजे उंच इमारती नव्हेत. पुण्याहून येणारे कंत्राटदार सात मजल्यांची चित्रं घेऊन येतात, त्याची आटपाडीला गरज नाही. दोन मजले पुरे. घर रस्त्याच्या कडेला भिडवा आणि मोकळी जागा मागे परसात किंवा मधे चौकात घ्या. म्हणजे दादाला त्याचं अंगण मिळेल आणि रस्त्याला सावली. पुढे सोपा काढा, पाच फुटांचा, सलग, एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत. गाडी वळायला गावाच्या कडेला रुंद रस्ता असू द्या, प्रत्येक दारात नको. कडुलिंब आणि करंज कंपाउंडाच्या आत लावण्याऐवजी रस्त्याला लावा. दाट वस्तीला सामासिक अंतराची सवलत नियमांत आहेच. ती जुन्या गावठाणापुरती न ठेवता नव्या ले-आउटलाही द्या, आणि त्या ले-आउटमध्ये कुणालाही कडेला न टाकता जागा वाटा. मी हे बैठकीत मांडते तेव्हा कुणी ना कुणी म्हणतं, "मॅडम, लोकांना प्लॉट हवाय." खरं आहे. पण लोकांपुढे दुसरं काही ठेवलंच नाही, तर ते प्लॉटच मागणार.

माझ्या चुलतीचं सांगते. ती बोळात होती तेव्हा रोज संध्याकाळी उत्तरेश्वराला जायची. वाटेत चार उंबऱ्यांवर टेकायची, कुणाच्या सुनेला काय झालं ते विचारायची. शनिवारच्या बाजाराला स्वतः जाऊन वांगी निवडायची. बंगल्यात गेल्यापासून तिचे गुडघे धरले. डॉक्टर वयाचं नाव घेतात. रस्त्यावर झाड नाही, टेकायला कट्टा नाही, ट्रक जोरात जातात. रिक्षा बोलवायची तर दादाला फोन करावा लागतो, आणि तो परमुलखात. मग ती माझ्या आईला फोन लावते. दीड किलोमीटरच्या अंतरावर दोन जावा रोज तास-तासभर फोनवर बोलतात. आई सांगते, "तिला म्हटलं इकडंच ये राहायला. तर म्हणते, एवढं बांधलंय पोरानं, कुलूप कसं लावू?"

गेल्या दिवाळीला भाची सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. चँडलरमध्ये तो आईबापाच्या गाडीशिवाय घराबाहेर कुठेही गेलेला नाही. वसुबारसेच्या सकाळी आईने गेरू भिजवायला घेतला तर पुडी संपलेली. तिने पदराच्या गाठीतून वीस रुपये काढून त्याच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "कोपऱ्यावरच्या दुकानात जा. गेरू म्हण, देतील." भाचीने चपला शोधल्या. आई म्हणाली, "तू कुठं? त्याला जाऊ दे की." भाची उंबऱ्यात उभी राहिली, मीही. बोळात सकाळची थंड सावली होती. पोरगं भिंतीला एक हात लावत लावत निघालं. पहिल्या दारातल्या आजींनी विचारलं, कुणाचा रे तू? दुसऱ्या दारात एकाने सायकल बाजूला घेतली. वळणावर तो दिसेनासा झाला तशी भाची दोन पायऱ्या उतरली आणि तिथेच थांबली.

तो पळतच परत आला. एका हातात गेरू, दुसऱ्या मुठीत घट्ट धरलेली नाणी. पणजीने ती त्याच्यासमोर मोजून घेतली आणि लगेच पुन्हा पाठवला. वाती राहिल्या होत्या.