कसाचा हिशेब

समीकरण सोडविण्याचे कौशल्य अभ्यासाने कोणालाही साध्य होते; परंतु ते मांडण्यापूर्वी जो विवेक करावा लागतो, तो मिश्रणाच्या उदाहरणांत जितका पणाला लागतो तितका शालेय बीजगणितात अन्यत्र क्वचितच लागतो, आणि म्हणूनच अध्यापनाच्या दीर्घ काळात या उदाहरणांविषयी मला विशेष ममत्व वाटत आले आहे.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त सुवर्णगणिताला स्वतंत्र स्थान आहे. तेथे सोळा वर्णांचे (वर्ण हे कसाचे माप), म्हणजे शुद्ध, सोने आणि दहा वर्णांचे सोने एकत्र आटवून बारा वर्णांचे सोने झाले असता दोहोंची वजने विचारली आहेत. वर्गात हेच उदाहरण घालताना मी एकूण वजन तीस मासे (मासा हे सोने तोलण्याचे जुने माप) ठरवून देत असे. उतावीळ विद्यार्थी १६ आणि १० यांची सरासरी १३ काढून थबकतो, कारण वजनांचा विचार त्याच्या मनाला शिवलेलाच नसतो. अशा वेळी ‘क्ष’ लिहिण्याची मुभा न देता, मुशीत काय पालटले आणि काय कायम राहिले, एवढेच मी त्याला विचारीत असे. कस पालटला; परंतु वजनाला वर्णाने गुणून येणारे शुद्धांशाचे माप दोन्ही बाजूंनी जेवढे जमा झाले, तेवढेच मिश्रणात शिल्लक निघाले पाहिजे, ही जमाखर्चाची बाब एकदा ध्यानी आली, म्हणजे १६क्ष + १०(३० − क्ष) = १२ × ३० हे समीकरण आपोआप उभे राहते आणि ६क्ष = ६० होऊन शुद्ध सोने दहा मासे व हलके वीस मासे ठरते. बारा हा कस दहाला अधिक निकट, तेव्हा हलके सोने अधिक लागणार, हा अंदाज उत्तराशी ताडून पाहावा. भास्कराचार्यांच्या रीतीने १६ व १२ यांचे अंतर ४ हे हलक्या सोन्याचे भाग, १२ व १० यांचे अंतर २ हे शुद्धाचे, प्रमाण तेच.

दुधात पाणी घातले तरी दूध तेवढेच राहते, आम्ल सौम्य केले तरी मूळ आम्ल घटत नाही; उदाहरणाचा वेश निराळा, तत्त्व एकच. म्हणून गणिताच्या शिक्षकांना माझी आग्रहाची विनंती आहे, की त्यांनी सूत्र देण्याची घाई करू नये. जे कायम राहते ते विद्यार्थ्याच्या तोंडून वदवून घ्यावे आणि मगच त्याला ‘क्ष’ मानू द्यावा.