दोन कसोटींमधील अंतर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या वडोदऱ्यातील एक डावखुरा तरुण गोलंदाज एका संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसला. निवडीच्या यादीत यंदाही त्याचे नाव नव्हते. "फादर, आता खेळ सोडून देतो," एवढेच तो म्हणाला. सांत्वन करण्याची कला मला फारशी साधलेली नाही. म्हणून मी त्याला शेजारच्या सौराष्ट्रातील जयदेव उनाडकट याची हकिकत सांगितली.

पोरबंदरला १९९१ साली जन्मलेल्या या डावऱ्या मध्यम-जलद गोलंदाजाने २०१० मध्ये भारत 'अ' संघाकडून इंग्लंडात लेस्टर येथे आपल्या पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात १३ बळी घेतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जहीर खान जायबंदी झाला आणि एकोणीस वर्षांच्या या मुलाला दक्षिण आफ्रिकेत सेंच्युरियनच्या कसोटीत उभे करण्यात आले. त्याने १०१ धावा दिल्या. बळी एकही नाही. सचिन तेंडुलकरचे पन्नासावे कसोटी शतक त्याच सामन्यातले; लोकांच्या ध्यानात राहिले ते तेवढेच.

त्यानंतर राहिले रणजी सामने. वाचकहो, हे सामने ज्याने पाहिले असतील त्याला मी काय म्हणतो ते कळेल. रिकामी आसने, निर्जीव खेळपट्टी, आणि सकाळी नव्या चेंडूने सुरुवात करून ऊन चढल्यावर जुन्या चेंडूने पुन्हा तीच धाव घेणारा गोलंदाज. सौराष्ट्राने या काळात तीन अंतिम सामने गमावले, आणि योगायोग असा की तिन्ही महाराष्ट्राच्या भूमीवर: २०१३ मध्ये मुंबईत, २०१६ मध्ये पुण्यात, २०१९ मध्ये नागपुरात. नागपूरला तर उनाडकटच कर्णधार होता. मधल्या काळात, २०१८ मध्ये, आयपीएलच्या लिलावात त्याला साडेअकरा कोटींची बोली लागली खरी. पण त्या पैशाने कसोटीचे दार उघडले नाही.

२०१९-२० च्या रणजी हंगामात त्याने ६७ बळी घेतले. त्या स्पर्धेत एका हंगामात कोणत्याही जलद गोलंदाजाने तोवर इतके बळी घेतले नव्हते. उपांत्य सामन्यात गुजरातविरुद्ध दुसऱ्या डावात ५६ धावांत ७, आणि मग राजकोटला बंगालविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर सौराष्ट्राला पहिले रणजी विजेतेपद. महामारीमुळे शेवटच्या दिवशी प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. म्हणजे तो क्षणही रिकाम्या आसनांसमोरच आला!

तरीही बोलावणे आले नाही. जानेवारी २०२२ मध्ये त्याने जाहीरपणे तांबड्या चेंडूलाच विनवले की आणखी एक संधी दे. मला ते वाचून आधी हसू आले. मग आले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मीरपूरला बांगलादेशविरुद्ध तो पुन्हा कसोटीत उतरला. मध्ये भारताने ११८ कसोट्या त्याच्यावाचून खेळल्या होत्या. झाकीर हसन हा त्याचा पहिला कसोटी बळी, बारा वर्षांनंतरचा. तेथून परतताच जानेवारी २०२३ मध्ये राजकोटला दिल्लीविरुद्ध सामन्याच्या पहिल्याच षटकात त्याने हॅट्‌ट्रिक साधली आणि ३९ धावांत ८ गडी बाद केले. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर अंतिम सामन्यात ९ बळी घेऊन त्याने सौराष्ट्राला दुसरे विजेतेपद मिळवून दिले.

मुलगा निमूटपणे ऐकत होता. मग त्याने विचारले, "फादर, कसोटीत एकूण किती झाले?"

"२०२३ अखेर चार कसोट्या. तीन बळी."

"तीनच?"

"तीनच," मी म्हणालो. लपवून काय करणार?

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग टेबलावरचे मोसंबे उचलून त्याने दोन बोटे त्यावर टेकवली आणि मला समजावू लागला: डावऱ्याचा चेंडू उजव्या फलंदाजाला ओलांडून स्लिपकडे जातो, असे दहा वेळा दाखवावे, अकरावा मात्र आत वळवावा. "तो अकराव्यालाच चुकतो, फादर. पण आधीचे दहा नीट पडावे लागतात." हे बोलताना तो उभा राहिला होता. जाताना मोसंबे त्याच्या हातातच राहिले.