न मोडलेल्याची दुरुस्ती

आमच्या धर्मग्रामात असे घर क्वचितच सापडेल की ज्यातील कोणी ना कोणी पोटापाण्यासाठी विमानाने परदेशी गेलेले नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी ही मुले आईला बरोबर घेऊन आमच्याकडे येतात, पासपोर्ट आणि तिकीट टेबलावर ठेवतात आणि आशीर्वाद मागतात. तो आम्ही मनापासून देतो. गेल्या नाताळच्या सुट्टीत अशाच एका माउलीने आशीर्वाद घेऊन झाल्यावर दाराशी थांबून आम्हांला विचारले, "फादर, विमानाच्या इंजिनावरचे पत्रे उडतात म्हणे. ते आता सगळे बदलायला सांगितलेत. मग आजवर आमची पोरे ज्यात बसली ती विमाने वाईट होती का?"

प्रश्न साधा होता, पण आम्ही निरुत्तर झालो. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकविले, इंजिने शिकविली नाहीत. सुदैवाने विमानांच्या हँगरमध्ये काम करणारा आमच्याच गावचा एक तरुण त्या वेळी सुट्टीवर आला होता. त्याला बोलावून आम्ही दोन संध्याकाळी त्याच्याकडून हा विषय समजून घेतला आणि पुढे स्वतःही वाचन केले. त्यातून जे कळले ते त्या माउलीपुरते न ठेवता वाचकांपुढे मांडावे असे वाटले. कारण त्या विषयाचा एक धागा थेट आमच्या स्वतःच्या चुकीपर्यंत येऊन पोहोचतो.

विमानाच्या इंजिनाकडे समोरून पाहिले तर एक मोठा पंखा दिसतो. बोईंग ७३७ जातीच्या ज्या विमानांविषयी आपण बोलत आहोत, त्यांच्या इंजिनातील या पंख्याला टायटॅनियम धातूची २४ पाती असतात. पंख्याभोवती एक जाड, मजबूत कडे असते. एखादे पाते तुटलेच तर ते अडवून धरणे हे त्या कड्याचे काम. नवे इंजिन मंजूर करण्यापूर्वी ते पूर्ण वेगाने फिरत असताना एक पाते स्फोटाने मुद्दाम तोडतात आणि कडे टिकते की नाही हे पाहतात. या कड्याच्या बाहेरून आणखी एक पातळ आवरण असते. आपण विमानतळाच्या काचेतून इंजिन म्हणून जे पाहतो ते खरे म्हणजे हेच आवरण. कारागीर त्याला 'काऊल' म्हणतात. त्याचे दोन अर्धे भाग वरच्या बाजूस बिजागरीने जोडलेले असतात आणि खाली, इंजिनाच्या पोटाशी, कड्यांनी एकमेकांत अडकविलेले असतात. आतील यंत्रांना ऊनपावसापासून व वाऱ्यापासून जपावे आणि बाहेरील हवा सुरळीत वाहू द्यावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

१७ एप्रिल २०१८ रोजी साउथवेस्ट एअरलाइन्सचे १३८० क्रमांकाचे उड्डाण न्यूयॉर्कहून डॅलसकडे निघाले. विमानात १४४ प्रवासी आणि ५ कर्मचारी होते. निघून जेमतेम वीस मिनिटे झाली होती. सुमारे ३२ हजार फुटांवर डाव्या इंजिनाचे एक पाते मुळाशी तुटले. धातूला वारंवार ताण बसून बसून पडलेली ती बारीक चीर होती. त्या पात्याने तोवर ३२,६३६ उड्डाणे पार पाडली होती. तुटलेले पाते कड्याच्या खालच्या भागावर अशा नेमक्या जागी आदळले की जिथून काऊलला आधार देणाऱ्या जोडणीत धक्का शिरला. काऊल फाटली आणि तिचे तुकडे वेगाने मागे फेकले गेले. त्यांतील एक भाग, ज्याच्यावर खालची कडी अडकविण्याची खोबण होती, चौदाव्या रांगेच्या खिडकीवर आदळला. खिडकी निखळली. विमानातील हवा क्षणार्धात बाहेर ओढली गेली आणि तिच्याबरोबर त्या खिडकीशी बसलेली प्रवासी स्त्री अर्धी बाहेर खेचली गेली. सहप्रवाशांनी जिवाच्या आकांताने तिला आत घेतले, पण तिचे प्राण वाचले नाहीत. आणखी आठ जण किरकोळ जखमी झाले. ४० अंशांहून अधिक कललेले ते विमान कॅप्टन टॅमी जो शल्ट्स आणि त्यांचे सहवैमानिक यांनी सावरले आणि सुमारे १७ मिनिटांत फिलाडेल्फियाच्या धावपट्टीवर उतरविले. अमेरिकेतील प्रवासी विमान कंपन्यांच्या अपघातात प्रवाशाचा मृत्यू होण्याचा असा प्रसंग २००९ नंतर प्रथमच आला होता.

या हकिकतीतील एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. त्या स्त्रीचा जीव तुटलेल्या पात्याने घेतला नाही, त्या पात्यावरच्या पांघरुणाने घेतला. जे जपण्यासाठी केले तेच सुटून अंगावर आले.

दुसरी गोष्ट याहूनही बोचणारी आहे. हे सर्व अगदी अकल्पित नव्हते. २७ ऑगस्ट २०१६ रोजी, म्हणजे दीड वर्षाहून थोडे आधी, त्याच कंपनीचे त्याच जातीचे विमान न्यू ऑर्लीन्सहून ऑरलँडोला जात असताना असेच एक पाते तुटले होते. इंजिनाच्या तोंडावरचे आवरण फाटून गेले, विमानाच्या अंगाला भोक पडले, आतील हवेचा दाब गेला. विमान पेन्साकोला येथे सुखरूप उतरले आणि कोणालाही इजा झाली नाही. चौकशी सुरू झाली. इंजिनाच्या उत्पादकांनी पात्यांची ध्वनिलहरींनी तपासणी करावी असे सुचविले. ती सक्तीची करण्याचा प्रस्ताव अमेरिकेच्या विमान प्रशासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये मांडला. हरकती मागविल्या गेल्या, अधिक मुदत द्यावी अशी मागणी आली. एप्रिल २०१८ उजाडला तेव्हा तो आदेश अद्याप निघावयाचा होता. फिलाडेल्फियाच्या घटनेनंतर मात्र तिसऱ्याच दिवशी तातडीचा हुकूम निघाला आणि ३० हजारांहून अधिक उड्डाणे झालेली इंजिने वीस दिवसांत तपासावीत असे बजावण्यात आले. आदेश आधी निघाला असता तर ती चीर सापडलीच असती असे आम्ही म्हणणार नाही. पण जे काम आठ महिने प्रस्तावाच्या रूपात पडून होते ते एका मृत्यूनंतर तीन दिवसांत सक्तीचे झाले, एवढे मात्र खरे.

येथे आम्हांला आमच्या अंगणातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना चर्चच्या बाजूच्या दारापुढे पत्र्याची एक शेड होती. पावसाळ्यात मिस्सेला येणाऱ्या वृद्धांनी भिजू नये म्हणून लोकांनीच वर्गणी काढून ती उभारली होती. एका वादळी रात्री तिचा एक पत्रा सुटला आणि बागेत जाऊन पडला. रात्रीची वेळ, कोणी नव्हते. सकाळी आम्ही देवाचे आभार मानले, सुताराला बोलावले आणि तेवढ्या पत्र्याचे हुक बदलून घेतले. सुतार शिडीवरून उतरून म्हणाला, "फादर, बाकीचे पण काढून बघायला हवेत. सगळे एकाच वेळी बसविलेत." आम्ही म्हणालो, "ते तर घट्ट आहेत. सणानंतर पाहू." सण झाला, शाळांचे निकाल झाले, नवा पावसाळा आला. जुलैमधील एका सकाळी, मिस्सा सुटण्याच्या वेळी, दुसरा पत्रा सुटला आणि एका आजींच्या खांद्यावर आला. हाड मोडले. त्या वाचल्या, पण तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. आम्ही त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्या आमचेच सांत्वन करीत म्हणाल्या, "वारा होता फादर, तुम्ही काय करणार?" वाऱ्यावर दोष टाकण्याची ती मुभा त्यांनी मोठ्या मनाने आम्हांला दिली. आम्ही ती घेऊ शकलो नाही. वारा जुलैत आला होता. सुतार त्याच्या आदल्या वर्षी सांगून गेला होता.

म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपला निष्कर्ष मांडताना जी शिफारस केली ती आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. केवळ पाती तपासा, एवढ्यावर मंडळ थांबले नाही. पाते कड्यावर कोणकोणत्या जागी आदळले असता काऊलला धोका पोहोचतो हे उत्पादकाने शोधून काढावे, काऊलची रचना बदलावी आणि ही बदललेली काऊल नव्या विमानांवरच नव्हे तर आधीपासून उडत असलेल्या विमानांवरही बसवावी, असे मंडळाने सांगितले. या विमानांची आखणी १९९० च्या दशकातील. त्या वेळच्या चाचण्यांत ती उत्तीर्ण झाली होती. कोणी फसविले होते असे नाही. चाचणीत जो आघात पाहिला होता त्याहून निराळ्या जागी निराळा आघात झाला, आणि माणसाला पूर्वी न कळलेले काही कळले.

कळले तरी ते हजारो विमानांवर उतरविणे सोपे नसते. नवी रचना करावी लागते, गणित मांडावे लागते, ती मंजूर व्हावी लागते, भाग तयार व्हावे लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील विमान प्रशासनाने तीन आदेशांचे मसुदे प्रसिद्ध केले. इंजिनाच्या तोंडावरील आवरण, काऊल आणि मागील धुराड्याचा भाग यांतील जोडबोल्ट व इतर सुटे भाग बदलावेत, आणि हे काम ३१ जुलै २०२८ पर्यंत पुरे व्हावे, असे त्यांत म्हटले होते. ही विमाने एकट्या अमेरिकेत १,९७९ आणि जगभरात सुमारे ६,५०० असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. आपल्याकडून आखातात जाणाऱ्या विमानांतही या वंशाची विमाने वर्षानुवर्षे आहेत. एका मृत्यूपासून शेवटचा बोल्ट बदलेपर्यंत दहा वर्षे! मधल्या काळात पात्यांची ठरावीक उड्डाणांनंतर पुन्हा पुन्हा तपासणी, हाच आधार.

दहा वर्षे पुष्कळ झाली, असे आम्ही त्या तरुणाला रागाने म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "फादर, मोडलेले दुरुस्त करणे सोपे असते. विमान उभे असते, भोक दिसत असते, सगळे जण घाई करतात. हे काम तसे नाही. विमान चांगले उडत असते, काऊल धडधाकट दिसते, आणि ती काढून आम्ही आतले चांगले बोल्ट बदलतो. मालकाला वाटते, पैसा कशाला? आम्हांलाही कधी कधी कंटाळा येतो. पण खाली आमची सही असते. विमान पेट्रोलवर उडते असे लोक म्हणतात, आम्ही म्हणतो ते सह्यांवर उडते." काम संपले की ज्याने ते केले व ज्याने तपासले त्यांची नावानिशी सही झाल्याशिवाय विमान हँगरबाहेर जात नाही, हे त्याने आम्हांला समजावून सांगितले. आम्हांला वाटले, आमच्या शेडखाली अशी कोणाची सही होती? आणि असती तर ती आमचीच असावयास हवी होती.

आजींच्या अपघातानंतर आम्ही ती शेड पूर्ण उतरविली. सुताराने एकेक हुक काढून पायरीवर मांडला. बहुतेक चांगले होते. आठ-दहा मात्र असे निघाले की वरून चकचकीत, पण वायसरच्या खाली गंजून सुतळीसारखे बारीक झालेले. शिडीखाली उभे राहून ते ओळखणे कोणालाही शक्य नव्हते. काढून पाहिल्यावाचून कळण्यासारखे ते नव्हतेच.

त्या माउलीला आम्ही पुढच्या रविवारी गाठले आणि सांगितले, "बाई, ती विमाने वाईट नव्हती. त्यांच्यात एक उणीव होती, ती कोणाला ठाऊक नव्हती. आता ठाऊक झाली आहे, म्हणून चांगली विमानेसुद्धा उघडून बदलत आहेत. घाबरू नका. पत्रे बदलत आहेत याचीच बातमी चांगली." तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "आणि ज्या बाईमुळे हे कळले तिची पोरे?" त्या स्त्रीला दोन मुले होती, हे आम्ही वाचले होते. तेवढेच आम्ही तिला सांगितले. त्या मुलांसाठी पुढच्या मिस्सेत एक मेणबत्ती लावते, असे म्हणून ती गेली.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरात, शाळेत, संस्थेत असा एखादा पत्रा असतो, जो एकदा रिकाम्या अंगणात पडलेला असतो. तो पडला आणि कोणाला लागले नाही, याबद्दल आभार अवश्य मानावेत. मात्र आभार मानून झाल्यावर शिडी लगेच परत ठेवू नये. उरलेले पत्रे त्याच दिवशी पाहून घ्यावेत.