शिंग्रोबाचं नाणं

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. त्या रात्री आम्हा भावंडांच्या ग्रुपवर जुना वाद पुन्हा रंगला : आपली फियाट चांगली, की मारुती?

फियाटचं कागदावरचं नाव प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. आमच्या घरात मात्र तिला पद्मिनी कुणी म्हटलं नाही. पुढची सीट बाकासारखी अखंड, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढेही तिघं बसत. चालवायला बाबा, दाराशी आजी, मधे घरातलं सगळ्यात धाकटं पोर. मागे काका, काकू, आई आणि प्रत्येकाच्या मांडीवर आम्ही. पार्ल्याहून पुण्याला निघताना बाबा चोक ओढत, किल्ली फिरवत आणि इंजिनाला लय सापडली की चोक हळूच आत सारत.

बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ जवळ आलं की आजी कनवटीचं नाणं काढी. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, असं ती दर खेपेला सांगे. मग दाराच्या त्रिकोणी काचेची खिटी फिरवून ती हात बाहेर काढी. बाबा वेग कमी करत, नाणं देवळाच्या दिशेनं जाई आणि घाटातला गार वारा थेट आमच्या तोंडावर येई.

१९८९ साली मारुती ८०० आली. १०८९ सीसीच्या चार सिलिंडरांच्या जागी ७९६ सीसीचे तीन. पुढे दोन सुट्या सीटा, त्यांच्यामध्ये गिअर. गाडी चौघांची. काका-काकू तोवर ठाण्याला राहायला गेले होते. मधल्या जागेवरून होणारी आमची भांडणं थांबली, कारण मधली जागाच उरली नव्हती. याचं मला अजून वाईट वाटतं.

पण फियाटच्या स्टिअरिंगला आईनं कधी हात लावला नव्हता, आणि शिकतेस का, असं तिला कुणी विचारलंही नव्हतं. मारुती आली तेव्हा तीच म्हणाली, “ही मी चालवीन.” शिकली. वर्षभरानं आजीला आणि आम्हा दोघांना घेऊन स्वतः पुण्याला निघाली.

शिंग्रोबा आला. आजीचा हात सवयीनं त्रिकोणी काच शोधू लागला. ती या गाडीला नव्हती. आजी हँडल फिरवून मोठी काच खाली करू लागली, तेवढ्यात आईनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

“आई, उतरा. आज पाया पडून या.”

इतक्या वर्षांत आजीनं ते नाणं पहिल्यांदाच देवापुढे हातानं ठेवलं. परत येऊन बसली ती आईच्या शेजारी, पुढच्या सीटवर. पुण्यापर्यंत दोघी बोलत होत्या.