नदी नसलेल्या शहरातले नावाडी

मुंबईला मिठी आहे, पुण्याला मुळा-मुठा आहेत, नाशिकला तर साक्षात गोदामाई! पण बंगळुरूला? तलाव आहेत, बागा आहेत, रस्तोरस्ती फुलणारी झाडं आहेत. अभिमानानं नाव घ्यावं अशी नदी मात्र या शहराला नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठाराच्या पाठीवर हे शहर वसलंय. इथं पडणारा पाऊस एका अंगानं अर्कावतीतून कावेरीला जातो, तर दुसऱ्या अंगानं दक्षिण पिनाकिनीला. वृषभावती नावाची छोटी नदी शहरातच उगम पावते खरी, पण तिच्यातून आता सांडपाणी वाहतं. नळाला येणारं कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून पंपानं वर चढवून आणावं लागतं.

अशा या शहरातून पावसाळ्यात, शुक्रवारी रात्री, काही गाड्या म्हैसूरच्या रस्त्याला लागतात. टपावर लाल, पिवळ्या, निळ्या रंगाच्या अडीच-अडीच मीटर लांबीच्या प्लास्टिकच्या होड्या बांधलेल्या. आत कॉम्प्युटरवर काम करणारी तरुण मंडळी, कुणी शिक्षक, कुणी नुकतंच कॉलेज संपवलेलं. आठवडाभर खुर्चीत बसलेले हे लोक शनिवार-रविवारी पुन्हा बसणारच असतात, फक्त यावेळी खवळलेल्या पाण्यात! या होडीला कयाक म्हणतात, आणि त्यांची वाट जाते केरळमधल्या कोडंचेरी गावाकडे.

बाजारपेठेचं गाव, पाहुणे जगभरचे

कोडंचेरी हे कोळिकोड जिल्ह्यातलं, पश्चिम घाटाच्या पायथ्याचं गाव. आजूबाजूला रबर, नारळ, सुपारी आणि मिरीच्या बागा. जवळच तुषारगिरीचे धबधबे. वेळ्ळरीमला डोंगरातून उतरणारी इरुवंजिपुळा आणि तिला मिळणारी चालिपुळा या इथल्या दोन नद्या. मलयाळममध्ये ‘पुळा’ म्हणजे नदी. पुढे हे सगळं पाणी चालियार नदीतून अरबी समुद्राला जातं.

उन्हाळ्यात या नद्यांत गुडघाभर पाणी आणि वर आलेले धोंडे. जुलै उजाडला की त्याच धोंड्यांवरून पांढराशुभ्र फेस उसळू लागतो. २०१३ साली इथं ‘मलबार रिव्हर फेस्टिव्हल’ नावाची कयाक स्पर्धा सुरू झाली. सुरुवातीपासून तिच्यामागे बंगळुरूच्या कयाकपटूंचा पुढाकार होता, पुढे केरळ सरकारच्या पर्यटन खात्याचं पाठबळ मिळालं. आता युरोप, न्यूझीलंड, नेपाळचे नावाजलेले कयाकपटू इथं येतात. विजेत्या पुरुषाला ‘रॅपिड राजा’ आणि विजेत्या स्त्रीला ‘रॅपिड राणी’ हा किताब मिळतो. रॅपिड म्हणजे नदीतला उताराचा, खडकाळ, फेसाळणारा टप्पा. गंमत म्हणजे जगज्जेत्यांच्याच मांडवाखाली नवशिक्यांसाठीही वेगळा गट असतो. बंगळुरूच्या अनेकांची आयुष्यातली पहिली शर्यत होते ती याच गटात.

उलटं होण्यापासून सुरुवात

पण नदी नसलेल्या शहरात कयाक शिकायची कुठे? उत्तर ऐकून हसू येईल: पोहण्याच्या तलावात! आणि पहिला धडा काय, तर उलटं कसं व्हायचं. कयाक अरुंद असते. बसणाऱ्याच्या कमरेभोवती रबरी कापडाचा घेर असतो, तो होडीच्या तोंडावर घट्ट ताणून बसवतात, म्हणजे पाणी आत शिरत नाही. होडी पालथी झाली की डोकं खाली, पाय वर, नाकात पाणी! घाबरून हातपाय झाडले तर काहीच साधत नाही. पुढे वाकायचं, घेराच्या टोकाची दोरी ओढायची, होडी ढकलून बाहेर यायचं. हे अंगवळणी पडलं की पुढचा धडा: होडीतून बाहेर न पडता, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं पाण्यावर टेकवून, कमरेच्या झटक्यानं होडी सुलटी करायची. याला ‘रोल’ म्हणतात. यात डोकं सर्वांत शेवटी पाण्याबाहेर यायला हवं. जीव गुदमरलेला असताना डोकं आधी वर काढायची घाई होते, आणि तिथंच रोल फसतो. आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणणारच, ‘‘अगं, सुखासुखी बुडायला शिकतेस होय!’’

तलावातला रोल वाहत्या पाण्यात कामी यावा म्हणून मग सरावासाठी भटकंती. दांडेलीला काळी नदी आहे. तिला सुपा धरणातून सोडलेलं पाणी मिळतं. आपल्याकडे कोलाडची कुंडलिका तशीच. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की सकाळी नदी भरते आणि राफ्टिंगवाल्यांची लगबग सुरू होते. या नद्यांचं पाणी बरंचसं माणसाच्या हातात असतं. कोडंचेरीत ते फक्त ढगाच्या हातात!

घाटाखाली उतरताना

बंगळुरूहून कोडंचेरी साधारण साडेतीनशे किलोमीटर. म्हैसूर, गुंडलुपेट ओलांडलं की बंडीपूरचं जंगल लागतं. हत्ती, हरणं गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून हा रस्ता २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतुकीला बंद असतो. त्यामुळे रात्री निघालेल्या गाड्या पहाटे फाटकापाशी थांबतात, चहा घेतात, सहा वाजता आत शिरतात. सुलतान बत्तेरी, कल्पेट्टा करत चहाच्या मळ्यांतून लक्किडी येतं आणि तिथून ताम्रश्शेरीचा नऊ वळणांचा घाट खाली कोसळतो.

घाटमाथ्यावर साखळदंडानं जखडलेलं एक झाड आहे. कथा अशी सांगतात, की करिंतंडन नावाच्या आदिवासी तरुणानं एका इंग्रज इंजिनिअरला घाटाची वाट दाखवली. श्रेय आपल्यालाच मिळावं म्हणून इंग्रजानं त्याला ठार केलं. त्याचा आत्मा वाटसरूंना छळू लागला, तेव्हा तो या झाडाला बांधून टाकला. मराठी वाचकाला लगेच बोरघाटातला शिंगरोबा आठवेल! खंडाळ्याची वाट दाखवणाऱ्या त्या धनगराची कथाही अशीच, आणि त्याच्याही देवळापाशी गाड्या थांबतात. डोंगराची आणि पाण्याची वाट पहिल्यांदा ओळखतो तो तिथला माणूस, हे दोन्ही कथा सांगतात. पहिल्या शर्यतीला आलेल्यानं ते ध्यानात ठेवलेलं बरं. ‘वरून पाणी येतंय’ असं काठावरचा म्हातारा म्हणाला, तर हातातली हवामानाची माहिती बाजूला ठेवून त्याचं ऐकावं. ‘मलवेळ्ळम्’ म्हणजे डोंगराचं पाणी, अचानक येणारा लोंढा. इथल्या नद्या लांबीनं कमी आणि उतारानं जास्त, त्यामुळे डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी चढायला फार वेळ लागत नाही. निवळ पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, की निमूटपणे काठ गाठायचा.

पाणी वाचायचं कसं?

शर्यतीच्या आधी स्पर्धक नदीत उतरत नाहीत, काठानं चालतात. एकेका खडकापाशी थांबतात, बोट दाखवून कुजबुजतात, मधूनच एखादी काडी टाकून ती कुठं वाहते ते पाहतात. नवख्याला आधी सगळीकडे नुसता फेस दिसतो. हळूहळू त्यात अक्षरं उमटू लागतात. दोन खडकांमधून पाण्याची जीभ खाली गेलेली दिसते, ती बहुधा वाट. खडकामागचं पाणी शांत असतं, किंबहुना ते उलट्या दिशेनं वर वाहतं. तिथं होडी घातली की दम खाता येतो. नदीतला तो जणू एसटीचा थांबा. उंचावरून पडलेलं पाणी जिथं पुन्हा मागे वळून स्वतःवरच कोसळतं, तो खड्डा टाळायचा. आणि प्रवाहात आडवं पडलेलं झाड दिसलं तर सर्वांत जास्त भ्यायचं. फांद्यांतून पाणी आरपार जातं, माणूस मात्र अडकतो.

काही नियम तर मनाच्या अगदी उलट. होडी खडकावर आपटणार असं दिसलं की माणूस साहजिकच खडकापासून लांब कलतो. तसं केलं की प्रवाह होडीची वरची कड दाबतो आणि ती पालथी पडते. कलायचं ते खडकाकडेच, त्याला मिठी मारल्यासारखं! काठावरचे स्वयंसेवक हातानं खुणा करतात, त्याचाही दंडक आहे: धोका कुठं आहे तिकडे कधीच बोट दाखवायचं नाही, वाट कुठं आहे तिकडेच दाखवायचं. गडबडीत माणूस बोटाच्या दिशेनं जातो, म्हणून!

आणि शिट्टी वाजते...

स्पर्धेचे प्रकार मुख्यतः तीन. स्लालोममध्ये एकेकटा स्पर्धक टांगलेल्या खांबांच्या दारांमधून होडी नेतो. आंतरराष्ट्रीय नियमांत हिरव्या दारातून प्रवाहाबरोबर आणि लाल दारातून प्रवाहाविरुद्ध जायचं असतं. खांबाला स्पर्श झाला तर वेळेत २ सेकंद वाढतात, दार चुकलं तर ५०. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९७२ साली म्युनिकला आला आणि १९९२ च्या बार्सिलोनापासून कायम झाला. दुसऱ्या प्रकारात चौघं एकदम उंच फलाटावरून पाण्यात झेपावतात, एकमेकांना ढुशा देत पुढं निघतात. याचाच भाऊबंद असलेला कयाक क्रॉस २०२४ साली पॅरिसला प्रथमच ऑलिंपिकमध्ये खेळला गेला. तिसरा प्रकार नदीचा लांब पल्ला एका दमात उतरायचा. तो मुख्यतः अनुभवी मंडळींचा.

नवख्याच्या वाट्याला यातला सोपा पल्ला येतो. तरीही फलाटावर बसल्यावर घशाला कोरड पडतेच. काठावर छत्र्या घेतलेली गावकरी मंडळी, पोराबाळांचा गलका, चेंड्याचा नाद, सगळं एका क्षणी ऐकू येईनासं होतं. शिट्टी वाजते. पहिले दहा-बारा वल्हे अंगातल्या भीतीच्या जोरावरच मारले जातात. काठावरून पाठ केलेली वाट पाण्याच्या पातळीवरून निराळीच दिसते, ठरवलेला खडक लाटेआड गेलेला असतो. शेजारच्याच्या होडीचा धक्का लागतो आणि आकाशाच्या जागी हिरवट काळोख! इथं तलावातले शंभर रोल कामी येतात. जमलं तर वर येऊन पुढे. नाही जमलं तर दोरी ओढून बाहेर. मग पाठीवर तरंगायचं, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला. वेगाच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, कारण पाय खडकाच्या सापटीत अडकला तर गुडघाभर पाणीही जीव घेतं. काठावरून दोरीची थैली भिरभिरत येते, तिची दोरी छातीशी धरायची.

पहिल्या शर्यतीत पुष्कळांचं असंच होतं. वेळेच्या तक्त्यात नाव तळाला लागतं किंवा लागतच नाही. तरी टाळ्या पडतात, आणि त्या खऱ्या असतात.

नदीचा दुसरा चेहरा

या टाळ्यांच्या आवाजात एक गोष्ट विसरून चालत नाही. याच इरुवंजिपुळेवर, खाली मुक्कमपाशी, १५ जुलै १९८२ रोजी भरल्या पुरात प्रवासी होडी उलटली. बी. पी. मोईदीन हा तरुण पट्टीचा पोहणारा. त्यानं बुडणाऱ्यांना बाहेर काढलं आणि तो स्वतः मात्र नदीतच राहिला. त्याची वाट पाहणाऱ्या कांचनमाला पुढे त्याच्याच घरी त्याची विधवा म्हणून राहिल्या आणि त्याच्या नावानं समाजकार्य उभं केलं. २०१५ साली या कहाणीवर ‘एन्नु निन्टे मोईदीन’ हा चित्रपट निघाला. याच नदीवरच्या अरिप्पारा आणि पतंगकयम धबधब्यांत मौजेसाठी उतरलेल्या अनेकांनी जीव गमावलेत. २०२४ सालची स्पर्धा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात झाली. ३० जुलैच्या पहाटे याच डोंगररांगेच्या पलीकडल्या अंगाला चूरलमला-मुंडक्काईवर दरड कोसळली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. त्याआधी जेमतेम महिनाभर, ३० जूनला, लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले होते.

मग पाण्यात जायचंच नाही का? कयाकवाल्यांकडे याचं उत्तर आहे. हेल्मेट, जीवरक्षक जॅकेट, शिट्टी, काठावर दोरी घेऊन उभे असलेले सोबती, यांच्याशिवाय ते बोटही बुडवत नाहीत. आणि एखादा टप्पा डोळ्यांना पटला नाही, तर होडी खांद्यावर घेऊन काठानं चालत पुढे जातात. मातब्बर कयाकपटूही हे करतात आणि कुणी त्यांना भित्रं म्हणत नाही. पहिल्या शर्यतीतून नवखा जे शिकतो, त्यात हे सर्वांत मोलाचं. वीस किलोची होडी खांद्यावर घेऊन, शेकडो प्रेक्षकांसमोर ‘आज नको’ म्हणत चालायला रॅपिडमध्ये उडी घेण्याइतकंच धाडस लागतं. धबधब्यावर सेल्फी घेणाऱ्या घोळक्यात एकानं जरी असं म्हटलं, तरी कितीतरी घरांतला आक्रोश टळेल.

जायचं असेल तर

स्पर्धा बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये होते. तारखा दरवर्षी बदलतात, त्या केरळ पर्यटन खात्याकडून आधी विचारून घ्याव्यात. महाराष्ट्रातून कोकण रेल्वेनं कोळिकोड गाठणं सर्वांत सोयीचं. तिथून तुषारगिरी सुमारे ५० किलोमीटर. काठावरून पाहायलाही मुलांना मोठी मजा येते. चिखलात टिकतील अशा चपला, छत्री, कोरडे कपडे आणि जळवांसाठी चिमूटभर मीठ सोबत असू द्यावं. पाण्याच्या कडेच्या शेवाळलेल्या खडकांवर मात्र मुलांचा हात सोडू नये.

आणि घरातल्या कुणाला कयाक शिकायचीच असेल, तर नन्नाचा पाढा लावण्याआधी एवढंच विचारावं: ‘‘उलटी झाली तर सुलटी करता येते का? आणि पाणी वाढलं तर परत फिरशील ना?’’ दोन्ही प्रश्नांना न अडखळता ‘हो’ आलं, तर खुशाल जाऊ द्यावं.