ब्रेक पॅड, डिस्क आणि नखाची टेस्ट

गेले दोन आठवडे माझ्या ब्राउझरमधले निम्मे टॅब ब्रेक पॅडचे आहेत. एक्सपल्सचे मागचे पॅड संपलेत, पुढचे संपत आलेत आणि पाऊस तोंडावर आलाय. आमच्या ग्रुपचं मत एका ओळीचं : "सिंटर्ड टाक दोन्हीकडे, विषय संपला." मेकॅनिकलची डिग्री घेऊन जावा लिहिणाऱ्या माणसाचा विषय इतक्यात कसा संपेल? :-)

तर मंडळी, पॅड मुख्यतः दोन जातींचे. ऑरगॅनिक म्हणजे तंतू आणि भुकटी रेझिनमध्ये घट्ट बांधलेली. मऊ, आवाज कमी, डिस्कला जपणारे. पण चिखलात भराभर झिजतात आणि फार तापले की पकड सोडू लागतात. सिंटर्ड म्हणजे धातूची पूड दाबून, तापवून एकजीव केलेली. उष्णता, पाणी, चिखल, सगळं सोसतात. किंमत कोण मोजतं? डिस्क! पॅड काही शे रुपयांत येतात, डिस्क काही हजारांत.

उष्णतेचं म्हणाल तर एक गणित करून बघितलं. गाडी, मी आणि सामान मिळून २४० किलो धरा आणि घाटात ५०० मीटर खाली उतरा. सुमारे ११.८ लाख जूल होतात. एवढ्यात जवळजवळ चार लिटर नळाचं पाणी उकळेल. थोडा भार इंजिन घेतं (म्हणून उतारावर दुसरा गिअर, क्लच दाबून उतरणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार), थोडा वारा घेतो. उरलेलं सगळं त्या दोन चकत्यांच्या माथी.

आता मुळशी-मावळातला पावसाळी कच्चा रस्ता डोळ्यांसमोर आणा. तिथे मागच्या ब्रेकवरचा पाय जवळपास उचललाच जात नाही. पुढचं चाक चिखल उडवतं तो थेट मागच्या कॅलिपरवर. त्यातली बारीक खर पॅड आणि डिस्कच्या मधे जाऊन पॉलिश पेपरसारखी घासत राहते. म्हणून मागे सिंटर्ड, इथे ग्रुपशी माझं काहीच भांडण नाही.

पुढे मात्र आहे. सुट्या खडीवर पुढचा ब्रेक किती जोरात लागतो यापेक्षा किती हळूहळू लागतो ते महत्त्वाचं. बोटाने जरा दाबलं की जरासंच लागलं पाहिजे. पहिल्याच स्पर्शाला कचकन धरणारा पॅड डांबरावर छान, पण ओल्या मातीच्या उतारावर पुढचं २१ इंची चाक अडकलं की माणूस जमिनीवर. एबीएस आहे ना, असं म्हणाल. आहे, पण सुट्या खडीवर तो चाक सोडत राहतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. शिवाय माझे आठवड्यातले पाच दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जातात आणि रविवारी मंडईला जाताना मागे आई बसते (चढताना दोन शिव्या घालून). मला पुढे ऑरगॅनिकच बरे. लवकर झिजतील, लवकर बदलीन.

पण पॅडच्या आधी डिस्क बघायला हवी, आणि खरी गंमत तिथेच झाली. आमचे गॅरेजवाले काका नख फिरवून डिस्क पास-नापास करतात. मागच्यावर नख फिरवून म्हणाले, "चालेल अजून दोन वर्षं." नखाला चरे कळतात, कबूल. जाडी कशी कळणार? किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. व्हर्निअर लावला तर तोही फसवतो, कारण पॅड जिथे पोचत नाही तिथे बाहेरच्या कडेला न झिजलेला काठ उरतो आणि व्हर्निअरचे लांब जबडे त्या काठावरच टेकतात. म्हणून चाकणला नोकरी करणाऱ्या मित्राकडून मायक्रोमीटर आणला आणि सहा जागी मोजलं. पुढची ठीक. मागची दोन जागी किमान आकड्याच्या खाली.

काकांचं म्हणणं, "कंपनीवाले असंच लिहितात, माल खपवायला." मला ते पटत नाही. पातळ डिस्कमध्ये उष्णता साठवायला धातू कमी, म्हणून ती लवकर तापते आणि वाकते. शिवाय डिस्क झिजलेली आणि पॅडही शेवटाला आलेले असले तर कॅलिपरचा पिस्टन नेहमीपेक्षा बराच बाहेर येतो. वेगवेगळी बघितली तर दोन्ही कमतरता 'चालेल' या सदरातल्या. त्या एकत्र येतात ते उतारावर, पावसात. मागची डिस्क बदलली. काका दोन दिवस माझ्याशी तुटकपणे बोलत होते, असो.

ब्रेक ऑइलही त्याच वेळी बदलून घेतलं. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांच्या खाली उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं आणि मग ही हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि ब्रेक पोकळ लागतो.

नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी लिव्हर आणि पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा, बरं का. पिस्टन आत ढकललेले असतात, पहिले दोन-तीन दाब रिकामेच जातात. मग मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १५ पर्यंत वेग आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, मधे जरा गार होऊ द्यायचं. असं दहा-बारा वेळा. मी हे रविवारी पहाटे सोसायटीमागच्या रस्त्यावर केलं. चौथ्या फेरीला वॉचमनने विचारलं, "साहेब, काय हरवलंय का?"