घारापुरीच्या दुसऱ्या टेकडीवर

शिवडीच्या बंदरावर उभे राहिले की समोर, खाडीपलीकडे, दोन टेकड्यांचे एक बेट दिसते. आमच्या वस्तीतल्या मुलांना ते चालायला लागल्यापासून ठाऊक असते. पण शाळेच्या सहलीला गेलेली दोन-चार मुले सोडली, तर त्या बेटावर पाय ठेवलेला माणूस आमच्या चाळीत शोधावा लागेल. आमचे आबा गोदीत बत्तीस वर्षे होते. जहाजाच्या पोटातून गोणी उपसून डेकवर आले की समोर घारापुरी. बत्तीस वर्षे लांबून पाहिलेले हे बेट त्यांनी वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी जवळून पाहिले, तेही नातीच्या हट्टामुळे.

नातीने शाळेतून येऊन सांगितले, "आबा, घारापुरीला स्तूप आहे." घरात कोणालाच खरे वाटेना. घारापुरी म्हणजे त्रिमूर्ती, एवढेच आमचे ज्ञान. विहारात रविवारी मुलांना शिकवणाऱ्या गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "आहे. पण गुंफांच्या टेकडीवर नाही, दुसऱ्या टेकडीवर. लोक गुंफा पाहून परत येतात." मग जायचे ठरले. आठ माणसांचे लाँचचे भाडे म्हणजे आमच्या घरात दोन दिवसांची कमाई, म्हणून दिवाळीनंतर थोडे थोडे बाजूला टाकले आणि जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी गेट-वेला जाऊन उभे राहिलो. (सोमवारी गुंफा बंद असतात, जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.)

आमच्या आईची तयारी नव्हती. १८ डिसेंबर २०२४ ला याच वाटेवर नौदलाची एक वेगवान बोट प्रवाशांच्या लाँचवर आदळली आणि माणसे बुडाली, ते तिने टीव्हीवर पाहिले होते. लाँचवर चढताच खलाशाने प्रत्येकाच्या हातात नारिंगी जाकीट दिले. आईने ते घातले, नाड्या दोनदा तपासल्या आणि जाताना तासभर कोणाशी बोलली नाही.

लाँच सुटली. मागे समुद्रपक्ष्यांचा थवा लागला. लोक त्यांना कुरकुरे फेकत होते. कुरकुरे खाऊन त्या पाखरांचे काय होत असेल कोण जाणे. डाव्या हाताला गोदीच्या क्रेन दिसू लागल्या तसे आबा कठड्याशी जाऊन उभे राहिले. पुढे जवाहर द्वीप लागते. जुने लोक त्याला बुचर बेट म्हणतात. तिथे तेलाची जहाजे लागतात, आपल्याला उतरता येत नाही. लांबवर तुर्भ्याच्या अणुकेंद्राचा घुमट, आणि २०२४ साली सुरू झालेला, शिवडीहून निघून समुद्र ओलांडणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू. त्याच्यापलीकडच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा. ते बंदर १९८९ साली सुरू झाले. मालाच्या गोणी गेल्या, लोखंडी पेट्या आल्या, आणि आबांच्या टोळीचे काम हळूहळू पाण्यापलीकडे गेले. आबा त्या क्रेनकडे बोट दाखवून नातीला म्हणाले, "त्या एका क्रेनमागे आमच्या टोळीतली किती माणसं घरी बसली, ते मोजता येणार नाही तुला."

मग त्यांनी बोटीची आणखी एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब सुमारे दोनशे सत्याग्रहींना घेऊन 'पद्मावती' बोटीने याच मुंबई बंदरातून महाडला निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला उतरले. त्या काळी कोकणात जायचे तर बोटच. नातीने विचारले, "बाबासाहेबांना बोट लागली असेल का हो?" आबांना हसू आवरेना. बाबासाहेब त्याआधी अमेरिकेला आणि विलायतेला जहाजानेच जाऊन आले होते, हे तिला मागाहून समजावून सांगितले.

तासाभरात बेट आले. पाणी उथळ असल्याने धक्का खूप लांब बांधला आहे. त्यावरून मुलांच्या गाडीसारखी छोटी आगगाडी धावते. तिच्यात बसण्यापुरती आई बोलती झाली.

या बेटाला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' नाव दिले ते इथल्या दगडी हत्तीवरून. इंग्रजांनी १८६४ साली तो हत्ती विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते मुंबईत १९१४ साली जोडले गेले. राणीच्या बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ तो आजही उभा आहे. म्हणजे बेट पाहण्याआधीच आम्ही सगळ्यांनी बेटाचा हत्ती पाहिलेला होता, फक्त तो कुठला हे कोणी विचारले नव्हते.

धक्क्यापुढे गुंफांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना माळा-मूर्तींची दुकाने. पायऱ्यांच्या तळाशी डोलीवाले उभे होते. लाकडी खुर्ची, तिला दोन दांडे, चार माणसांचे खांदे. आबांचे गुडघे पाहून ते पुढे आले. आबांनी हात जोडले. "आयुष्यभर पाठीवर ओझं वाहिलं. आता मीच कुणाच्या खांद्यावरचं ओझं होऊ का?"

आम्हाला ते बोलणे पटले. माणसाने माणसाला वाहून न्यावे हे आमच्या मनाला कसेतरीच वाटत होते. पण त्यांच्यातला एक वयस्कर डोलीवाला म्हणाला, "बाबा, तुम्ही असं म्हणून पुढं गेलात तर आमचं घर कशावर चालायचं? भीक नाही मागत, भाडं मागतोय."

यावर आम्हापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. आबा पहिल्या पायरीवर बसले आणि त्याला विचारू लागले. दिवसाला किती खेपा होतात? रविवार असला तर सात-आठ, नाहीतर एखाददुसरी. दांडा खांद्यावर कुठे टेकतो? त्याने सदरा बाजूला करून घट्टा दाखवला. आबांनी आपला दाखवला. चाळीस वर्षांमागचा, पण अजून हाताला लागतो. गोणीत हूक कसा टोचायचा, मुकादम पाळी कशी लावायचा, अशा गप्पा निघाल्या. मग आबा उठले आणि काठी टेकत चालत निघाले. त्या १२० पायऱ्यांना पाऊण तास लागला.

मुख्य लेणे सुमारे १३० फूट लांब, एका डोंगरात कोरलेले. आत काळोखात डोळे सरावले की समोर तीन मुखांची मूर्ती उभी राहते, सुमारे १८ फूट उंच. सहाव्या शतकातले हे काम समजले जाते. १९८७ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. आम्ही हात जोडायला गेलो नव्हतो, पण ज्या कारागिरांनी ओबडधोबड काळ्या कातळातून त्या चेहऱ्यावर शांतपणा आणला, त्यांना दाद न देणे कद्रूपणाचे होईल. त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. इथे एक शिलालेखही होता. पोर्तुगीजांना तो वाचता आला नाही, त्यांनी तो काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो तिकडे हरवला. बऱ्याच मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत.

आबा आणि आई लेण्याच्या सावलीत डबा उघडून बसले. (माकडांपासून सांभाळा. आमची चटणी-भाकरी वाचली, पाण्याची बाटली गेली.) बाकीचे आम्ही स्तुपाची वाट विचारीत निघालो. एका वाटाड्याने आम्हाला तोफांच्या टेकडीवर पाठवले. तिथे इंग्रजांच्या दोन मोठ्या तोफा आहेत, मुलांना मजा वाटली, पण स्तूप नाही. शेवटी काकडी-कैरी विकणाऱ्या बेटावरच्या एका बाईने वाट दाखवली. "ओढ्याला वळसा घालून पलीकडं जावा. लई जण नाय जात तिकडं."

तिच्याकडून काकडी घेताना कळले की ती मोराबंदरची. बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. समोर मुंबई रात्रभर झगमगत असताना या तीन गावांत संध्याकाळी तीन तास जनरेटर चाले, मग अंधार. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. ती बाई म्हणाली, "माझी मुलं दिव्यावर शिकली, आता नातवंडं फ्रिजचं पाणी पितात." जगभरचे पाहुणे पाहायला येतात त्या बेटाची ही गोष्ट.

पूर्वेच्या टेकडीवर आधी एक लेणे लागते, मग एक अर्धवट कोरून सोडलेले. त्यापुढे एक कोरडे तळे आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी. भिक्खूंच्या पाण्याची सोय आम्ही कान्हेरीला अशीच पाहिली होती. आणि टेकडीच्या टोकाला, गवतात, विटांचा ढिगारा. तोच स्तूप. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला मानतात, म्हणजे त्या त्रिमूर्तीहून सातशे-आठशे वर्षे जुना. आमच्या धाकट्याला तो पाहून वाईट वाटले. त्याच्या मनात सांचीसारखे काहीतरी होते.

पण तिथे उभे राहून समुद्र पाहिला आणि काही गोष्टी लक्षात आल्या. पश्चिम किनाऱ्यावर सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे होती. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरून काढला, अशोकाचा शिलालेखही तिथे सापडला. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत व्यापारी आहेत तसे सोनार आणि लोहारही आहेत. तथागतांचा धम्म या किनाऱ्यावर गलबतांच्या वाटेने फिरला, आणि त्याचा खर्च घाम गाळणाऱ्यांनीही उचलला. घारापुरीचा स्तूप त्याच वाटेवरचा. आम्ही चपला काढल्या, त्रिशरण म्हटले. गवतातल्या वेफर्सच्या पिशव्या मुलांनी गोळा केल्या. नातीने विटेचा एक तुकडा खिशात घातला होता, तो परत ठेवायला लावला. तिने रुसून मोबाईलवर फोटो काढले.

परतलो तर आबांचे गुडघे सुजलेले. चढणे जमले होते, उतरणे जमेना. शेवटची लाँच चुकवून चालणार नव्हते. आम्ही काही बोलायच्या आत आबांनीच त्या वयस्कर डोलीवाल्याला हाक मारली. खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि पायरी संपेपर्यंत उघडले नाहीत. पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले, आम्हाला देऊ दिले नाहीत. उतरायचेच होते, तरी भाडे दोन्ही वाटांचे दिले. डोलीवाल्याने नको म्हटले नाही. जाताना मात्र त्याने आबांना हाताला धरून छोट्या गाडीपर्यंत पोचवले.

लाँचमध्ये नातीने स्तुपाचे फोटो दाखवले. आबांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले.

"वीट केवढी आहे?" त्यांनी विचारले.

कोणालाच सांगता येईना.

"बाजूला हात ठेवून फोटो काढायचा असतो. म्हणजे माप कळतं," आबा म्हणाले. "पुढच्या खेपेला ठेव."